किळसेची रंगीत तालीम

वर्षभर स्वस्तात जग हिंडायचं असं माझं पक्कं झालं, त्या आठवड्यात मी तीन कामं उरकली. नोकरीचा राजीनामा दिला. राहतं घर एका तरुण जोडप्याला वर्षभरासाठी भाड्याने दिलं, करारावर सह्या केल्या. आणि मग बायकोला सांगितलं. क्रम चुकला, हे मला मान्य आहे.

मी विमा कंपनीत होतो, दावे नाकारण्याच्या विभागात. दारावरच्या पाटीवर वेगळं नाव होतं, पण आत बसून काम हेच. चोवीस वर्षं मी लोकांना कळवत आलो की आपलं घर जळालं याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं, परंतु कलम नऊनुसार आगीची व्याख्या पाहता ही आग ठरत नाही. असं काम करणाऱ्या माणसाला मोकळ्या आभाळाची ओढ लागली तर नवल नाही. अकरा वर्षं मी ऑफिसच्या संगणकावर चोरून प्रवासवर्णनं वाचत होतो. बारा खाटांच्या खोल्या, सामाईक स्वयंपाकघरं, पाठीवर एक पिशवी, अंगावर उन्हाने रापलेलं कातडं. लिहिणारे सगळे आनंदात होते. त्यांच्यापैकी कोणाला कधी जुलाब झाल्याचं मला तरी आठवत नाही.

बायको सरकारी अन्न निरीक्षक. हॉटेलांचे भटारखाने तपासणं हा तिचा धंदा. सव्वीस वर्षांत तिने जे पाहिलंय त्यातलं तिने मला शतांश सांगितलं असेल, आणि तेवढ्यावर मी बाहेर खाणं सोडलं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती ओरडली नाही. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"म्हणजे पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आपल्याला घर नाही," ती म्हणाली.

"जग आहे ना."

"जगात संडास कितीजणांत एक असतो?"

"सहा. कधी आठ."

"तपासल्याशिवाय मी कशावर सही करत नाही," ती म्हणाली. "वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज उद्या टाकते. तो एकवीस दिवसांत मागे घेता येतो. हे एकवीस दिवस आपण या घरात तसं राहायचं. सगळ्यांत मिळून एक संडास, एक खोली, एक पिशवी. जमलं तर जाऊ. नाही जमलं तर मी अर्ज मागे घेणार, आणि तुम्ही त्या जोडप्याच्या पाया पडून करार मोडून आणायचा."

करार मोडण्याचं कलम मीच लिहिलं होतं. ते मोडता येण्यासारखं नव्हतं, कारण मी चांगलं काम करतो.

तालमीचे नियमही मग मीच लिहिले. दोन्ही झोपायच्या खोल्यांना कुलूप. दोनपैकी एक न्हाणीघर बंद. सगळ्यांनी बैठकीच्या खोलीत जमिनीवर झोपायचं. प्रत्येकी एक पिशवी, दोन शर्ट, एक पातळ टॉवेल. कपडे हाताने धुवायचे आणि झोपायच्या जागेवर दोरी बांधून तिथेच वाळवायचे. फ्रिजमध्ये प्रत्येकाला अर्धा कप्पा, डब्यावर नावाची चिठ्ठी. घराच्या हद्दीत अंघोळ फक्त थंड पाण्याने, आणि तीही पाच मिनिटांत. 'घराच्या हद्दीत' हे शब्द मी सवयीने घातले. कुठलाही मजकूर लिहिताना मागच्या दाराची जागा ठेवायची, हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

बायकोने वाचून एकच सुधारणा केली. "यात परका माणूस कुठंय? खोलीत आपण दोघंच असलो तर तो प्रवास नाही, ती आपली दिवाणखान्यातली सहल."

"परका माणूस कुठून आणायचा?"

"ढब्बूला बोलावते."

ढब्बू म्हणजे माझा मेव्हणा. वय अठ्ठेचाळीस. बायको त्याला सोडून गेली तेव्हा जाताना तिने फक्त गादी नेली, यातच सगळं आलं. त्याचं जुन्या गाद्या उसवून, कापूस पिंजून, नव्याने भरून द्यायचं दुकान आहे. माणूस मनाने निर्मळ. बाकीच्या बाबतीत ती सूट देता येत नाही.

तो टेम्पोतून तीन गाद्या घेऊन आला. "खास काढून ठेवल्यात, भावोजी. एका वसतिगृहाच्या आहेत, भरायला आलेल्या. तुम्हाला कसं, अस्सल पाहिजे ना!" त्याने माझी गादी खोलीच्या मधोमध उलगडली आणि तिच्यावरच्या डागांवरून बोट फिरवलं. "हा चहाचा. हा औषधाचा. हा… हा असू दे."

"कशाचा आहे?"

"आता वाळलाय ना, भावोजी. वाळलं की सगळं सारखंच."

मग त्याने गाद्यांच्या पोटात आजवर काय काय सापडलं ते सांगितलं. दुधाचे दात, केसांच्या पिना, अर्धं चावलेलं बिस्कीट, एकदा अख्खी कवळी. "माणूस झोपेत किती सांडतो, भावोजी! घाम म्हणू नका, लाळ म्हणू नका, कातडी म्हणू नका. दहा वर्षांत गादीचं वजन वाढतं. मी काट्यावर तोलून दाखवतो लोकांना. विश्वास नाही बसत त्यांचा." माझी बायको हे सगळं मान डोलवत ऐकत होती. बहीण-भाऊ एकाच घरातले आहेत, हे त्या वेळी मला पहिल्यांदा नीट कळलं.

तिसऱ्या दिवशी माझा टॉवेल मेला. तो दोरीवरच होता, पण त्याला जो वास येत होता तो जिवंत वस्तूला येत नाही. बंद खोलीत तीन शर्ट, तीन टॉवेल आणि ढब्बूचे मोजे डोक्यावर लोंबत होते, आणि दर थोड्या वेळाने एक थेंब कपाळावर पडायचा. तो कुणाच्या कपड्याचा, हे झोपल्या झोपल्या ओळखायचा खेळ ढब्बूने शोधून काढला. "माझा! मोज्याचा!" तो आनंदाने ओरडायचा.

चौथ्या दिवशी मी न्हाणीघरातून निघालो तर ढब्बू माझ्या टॉवेलने कानामागे खसाखसा पुसत होता.

"तो माझा आहे."

"हो का? मला वाटलं ताईचा." त्याने टॉवेलाच्या दुसऱ्या टोकाने काखा पुसल्या आणि तो माझ्या हातात दिला. "घ्या. आपलं-तुपलं काय त्यात?"

मी बायकोकडे पाहिलं. ती फ्रिजमधलं स्वतःच्या नावाचं दही खात होती. चमचा तोंडाजवळ नेता नेता ती थांबली, दह्यातून एक केस ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"ढब्बूचा," ती म्हणाली. "पांढरा आहे. मुळासकट." केस तिने कठड्यावर ठेवला आणि उरलेलं दही संपवलं.

"तू ते खाल्लंस?"

"केसाने माणूस मरत नाही, अहो. किळस वेगळी आणि धोका वेगळा. लोक केस बघून ताट फेकतात आणि चकचकीत ग्लासातून भलतंसलतं पाणी पितात. आमचं अर्धं काम त्यामुळेच चालतं."

माझी सगळी भीती अशी होती की ही दुसऱ्या दिवशी उलटी करेल आणि अर्ज मागे घेईल. उलट ती टवटवीत दिसू लागली. ऑफिसातून आली की पिशवी भिंतीला टेकवायची, पाय पसरायची आणि ढब्बूशी पत्ते खेळायची. घर आवरायचं नाही, पडदे झटकायचे नाहीत, कोण काय खाईल बघायचं नाही. तिच्या सव्वीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. तपासणीच्या वहीत ती रोज एक नोंद करायची आणि ती मला दिसेल अशी उघडी ठेवायची. सहाव्या दिवसाची नोंद होती: 'सहप्रवासी क्रमांक एक (भाऊ) टाच घासतो. भुसा वर्तमानपत्रावर पडतो. वर्तमानपत्र नंतर सहप्रवासी क्रमांक दोन (पती) यांनी वाचले.'

हे खरं होतं. मी आतलं पान उघडलं तेव्हा तो भुसा माझ्या मांडीवर सांडला.

पण टाचेच्या भुशाचं एक वेळ सांगता येतं. चारचौघांत सांगितलं तर लोक हसतातही. जे सांगता येत नाही ते वेगळंच होतं. आमच्या घरात दोन न्हाणीघरं होती, दोन खोल्या होत्या, आणि मधे दारं होती. सव्वीस वर्षं बायको पहाटे पाचला उठून घसा साफ करते, हे मला ठाऊक होतं. पण ते दोन दारांपलीकडून, दूर कुठे पाण्याचा पंप चालू व्हावा तसं. आता तो पंप माझ्या उशाशी चालू व्हायचा. तो एकदम चालू होत नाही. आधी दोनदा नुसताच खरखरतो, मग खोलवरून काहीतरी ओढून आणतो, आणि जे येतं त्याचं पुढे काय होतं हे मला दिसायचं. विंचरून निघालेल्या केसांचा ती बोटावर गुंडाळून गोळा करायची आणि तो खिडकीच्या गजात खोचून ठेवायची. खिडकीत असे सात गोळे झाले होते. मी त्यांच्याकडे पाहत चहा प्यायचो. चहा थंड व्हायचा.

ही माझी बायको होती. तिने मला तापात पुसलं होतं, मी तिला. आणि मी भिंतीकडे तोंड करून, शर्टाची कॉलर नाकावर ओढून झोपत होतो.

आठव्या दिवशी मी मागच्या दाराने बाहेर पडलो. म्हणजे नियमाच्या. 'घराच्या हद्दीत' अंघोळ थंड पाण्याने असं लिहिलं होतं. हद्दीबाहेरचं काही लिहिलं नव्हतं. चौकात एक लॉज आहे. दर्शनी भागाला काच, आत फरशी अशी की चेहरा दिसावा. मी तासाभरासाठी खोली मागितली.

काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर पुढे सरकवलं. "एकटेच?"

"एकटाच."

"मागून कोणी येणार असेल तर…"

"कोणी नाही."

"काही हरकत नाही, साहेब," तो समजुतीने म्हणाला. "वेळ लागतो कधी कधी."

दुसऱ्या मजल्यावरची खोली. पांढऱ्या टाइल्स, पांढरी चादर, पांढरा जाड टॉवेल, दाराला आतून कडी. मी ती कडी लावली आणि तिच्याकडे थोडा वेळ नुसता बघत उभा राहिलो. मग गरम पाण्याखाली पाऊण तास. पाणी तोंडात घेतलं, गुळण्या केल्या, दात घासले, डोळे उघडे ठेवून चेहऱ्यावर फवारा घेतला. दुपारी बायको ड्यूटीवर असायची आणि ढब्बू दुकानात. मी रोज जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्याने विचारणं सोडलं. पाचव्या दिवशी त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि सांगितलं की त्याचीही बायको माहेरी गेलीय, दोन वर्षं झाली. घरी आल्यावर मी केस विस्कटून, अंगाला जरा दोरीवरचा शर्ट चोळून बसायचो. बायकोच्या वहीत बाराव्या दिवशी नोंद आली: 'पतीची प्रकृती सुधारते आहे.'

सोळाव्या दिवशी मी खोलीतून बाहेर पडलो, केस ओले, गळ्यात टॉवेल, तर जिन्यातून बायको वर येत होती. मागे तिचा शिपाई, हातात नमुन्याच्या बाटल्यांची पेटी. त्यांच्या मागे काउंटरवरचा, चेहऱ्यावर रक्त नाही.

आम्ही तिघंही थांबलो. चौथा पेटीला धडकला.

"अहो?" बायको म्हणाली.

"अगं, तू इथे कशी?"

"मी ड्यूटीवर आहे. इथली तक्रार आलीय. तुम्ही?"

या प्रश्नाला चोवीस वर्षांच्या अनुभवात एकही कलम नव्हतं. काउंटरवरचा पुढे झाला. माणूस भला, त्याने मला वाचवायचा प्रयत्न केला. "मॅडम, हे साहेब आमचे रोजचे आहेत. पण एकदम सज्जन. नेहमी एकटेच येतात. मी शपथेवर सांगतो, आजवर एकदासुद्धा कोणी आलं नाही त्यांच्याकडे."

"रोज?" बायको म्हणाली. तिने एक पायरी वर चढून माझा खांदा हुंगला. "साबण."

"नियमात 'घराच्या हद्दीत' असं म्हटलंय. त्याचा अर्थ काढायचा झाला तर…"

"बाई असती तर मला समजलं असतं," ती हळूच म्हणाली. शिपाई भिंतीवरचं अग्निशामक यंत्र लक्ष देऊन वाचू लागला. मग तिचा आवाज एकदम बदलला, ऑफिसातला झाला. "पाणी तोंडात घेतलंत?"

"काय?"

"इथलं. तोंडात घेतलंत का?"

"चूळ भरली. दात घासले."

"किती दिवस?"

"नऊ."

"गिळलं?"

"थोडंफार जातंच ना."

 मला दंडाला धरून तिने जिना चढवला, गच्चीवर नेलं. गच्चीत सिमेंटची टाकी होती, तिचं झाकण अर्धं तुटलेलं, आणि त्या तुटक्या जागेवर कोणीतरी पत्र्याचा तुकडा ठेवून तो विटेने दाबला होता. शिपायाने वीट काढली, पत्रा काढला. "बघा," बायको म्हणाली.

आत कबुतर होतं. ते कबुतर होतं हे रंगावरून कळत होतं, आकारावरून कळत नव्हतं. पाण्याने त्याची उशी झाली होती. एक पंख सुटून वेगळा, टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तरंगत होता. वर तेलासारखा तवंग, त्यावर बारीक पिसं, आणि खाली, उतरत्या पाइपाच्या तोंडाशी, मऊ पांढुरकं काहीतरी पाण्याच्या ओढीबरोबर हळूहळू आत-बाहेर करत होतं. खालच्या एका खोलीत त्या वेळी कोणीतरी नळ सोडला असावा. ते आत गेलं.

"दोन आठवडे तरी झालेत," शिपाई म्हणाला.

मी कठड्याशी जाऊन ओकलो. बायकोने माझं कपाळ धरलं. हात कोरडा होता आणि त्याला हातमोज्याच्या रबराचा वास येत होता. माझं आटोपल्यावर तिने शिपायाकडून बाटली घेतली, नमुना काढला, झाकणावर लाख ओतली आणि पंचनाम्याचा कागद माझ्यापुढे धरला.

"दोन पंच लागतात. हा काउंटरवरचा नाही चालणार. तुम्ही सही करा."

"मी तुझा नवरा आहे."

"इथे तुम्ही गिऱ्हाईक आहात."

मी वाचलं. 'टाकीत एक मृत पक्षी आढळला.' माझ्याच्याने राहवलं नाही. "एक पक्षी म्हणतेस, पण पंख सुटा आहे. उद्या त्यांचा वकील म्हणेल दीड होते."

तिने 'एक पक्षी, त्याच्या सुट्या पंखासह' असं केलं. मी सही केली. दुसरी सही खाली भाजी विकणाऱ्याने केली, त्याने टाकीत पाहायचं साफ नाकारलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून विश्वास ठेवला.

घरी आम्ही चालत निघालो. रस्त्याने मी तोंड मिटून चालत होतो. माझ्या दातांवर, हिरड्यांवर, टाळूला काहीतरी आहे असं वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

"नऊ दिवस," बायको म्हणाली, "आणि साधा जुलाब नाही. पोट चांगलं आहे तुमचं. जमेल तुम्हाला."

"मला नाही जायचं."

ती चालायची थांबली नाही, फक्त सावकाश चालू लागली. "मी पाचव्या दिवशीच साहेबांना सांगून आले. रजा कायम करा म्हटलं. आता ती मागे घेता येत नाही."

"पाचव्या? मग पुढे कशाला चालवलं हे?"

"तुमच्यासाठी. तुम्ही कॉलर नाकावर ओढून झोपत होतात. म्हटलं, सवय होईल."

ती जागी होती, हे मला माहीत नव्हतं.  समोरून येणाऱ्या माणसाने आमच्यामधून थुंकीची पिचकारी मारली, ती दोघांनाही चुकली.

"मला डागांचं काही नाही गं," मी म्हणालो. "मला माणसांची किळस येते. ती जवळ असतात त्याची. त्यांचे आवाज, त्यांचं ओलं…"

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"माझी?"

आमच्या खात्यात पत्राला तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर मान्य धरायचा रिवाज होता. तिने तीस पावलं वाट पाहिली असेल.

"मलाही येते तुमची," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं येते. जेवल्यावर दात कोरता, काडीवर काय आलं ते बघता, आणि परत तोंडात घालता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, आत्ता उठावं आणि माहेरी जावं. मग दार लावून घ्यायला शिकले. दार लावलं की विसरायला होतं माणसाला."

"आणि तिथे दार नसणार."

"नसणार. मला बघायचंय, दार नसताना किती विसरता येतं. नाही आलं तर नाही आलं. पण मी पन्नाशीची झालेय, अहो, आणि आजवर जिथे जिथे गेले तिथे कोणीतरी तक्रार केली म्हणून गेले. एकदा मला आपल्या पायांनी कुठेतरी जायचंय. तुम्ही आलात तर याल. नाही आलात तर तिथल्या परक्या माणसांना मी सांभाळून घेईन. ढब्बूपेक्षा वाईट नसतील."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला माझी अकरा वर्षांची प्रवासवर्णनं आठवून लाज वाटली. स्वप्न माझं होतं, ते तिने वापरायला घेतलं होतं, आणि तिला ते मापात बसत होतं.

मग मी माझी सोय बघायला लागलो. घर एक तारखेला जाणार होतं. नोकरी गेली होती. ढब्बूला मी विचारलं की वर्षभर तुझ्याकडे राहिलो तर चालेल का.

"चालेल काय, धावेल! दुकानाच्या वर माळा आहे ना. या, दाखवतो."

मी गेलो. लाकडी शिडी, वर वाकून चालावं एवढी उंची, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत भरायला आलेल्या गाद्या, छपराला भिडलेल्या. खिडकी एक, तिच्यावरही गादी. आत उभं राहिलं की त्या सगळ्या गाद्यांवर झोपून गेलेली माणसं एकदम श्वास सोडतायत असं वाटायचं. आंबूस, गोडसर, उबदार. ढब्बूने एक ढीग थोपटला, धुळीचा लोट उठला, तो लोट माझ्या तोंडात गेला.

"इथे टाकू तुमची. मी बाजूला असतोच. दोघं गप्पा मारू, भावोजी. मला पण सोबत होईल." तो शिडीवरून उतरता उतरता थांबला. "गेलात तरी चालेल म्हणा. पण आलात तर बरं होईल."

त्याचे डोळे ओले झाले होते. त्याने ते माझ्या बाहीला पुसले.

मी जायचं ठरवलं. ज्यांना राहायला जागा असते ते प्रवासाला का निघतात हे मी अकरा वर्षं वाचत होतो. माझ्यापुरतं कारण फारच थोडक्यात सांगता येत होतं. बायकोला सांगितलं, तेव्हा तिने फक्त "बरं" म्हटलं, आणि माझ्या पिशवीतल्या दात कोरायच्या काड्यांचा डबा काढून फ्रिजच्या वर ठेवला. मी तो परत आत ठेवला. तिने परत काढला. मग तो तिथेच राहिला.

एक तारखेला सकाळी दहा वाजता ते तरुण जोडपं आलं. दोघं नुकते धुवून, इस्त्री करून आणल्यासारखे. पुरुषाने दारात पायपुसण्यावर बूट चार वेळा पुसले. आमच्या पिशव्या जिन्यात काढून ठेवल्या होत्या. आम्ही एकवीस दिवसांचे होतो, आणि तसेच दिसत होतो. माझ्या शर्टाला दोरीवरचा तो वास आता कायमचा बसला होता. गाद्या ढब्बूने नेल्या, पण त्या जिथे होत्या तिथे फरशीवर तीन फिकट आयत उमटले होते, एखाद्याला उचलून नेल्यावर उरावेत तसे.

मी किल्ल्या पुढे केल्या. त्या माझ्या मुठीत बराच वेळ होत्या, ओलसर झाल्या होत्या. मुलीने हात पुढे केला, आणि मग तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताने पर्समधून ओला कागद काढला. तो तळव्यावर पसरला. "यात ठेवा ना, काका," ती गोड हसून म्हणाली. मी किल्ल्या कागदात ठेवल्या. तिने त्या एकेक करून पुसल्या, दातांच्या फटींतूनसुद्धा, कागद घडी करून बोटांच्या टोकांनी धरला आणि टाकायला जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं.

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त किल्ल्या हातात घेण्याआधी.

"इकडे द्या," बायको म्हणाली, आणि तो कागद तिने आपल्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात टाकला.

दार बंद झालं. आतून कडी लागली, मग वरची कडी लागली. आम्ही पिशव्या पाठीवर चढवत होतो तेवढ्यात आत खिडक्या उघडायला लागल्या. बैठकीची, दोन्ही झडपा. मग माझ्या खोलीची, मग तिच्या खोलीची. ते दोघं धावत धावत उघडत असावेत. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण पुरुष एकदा खोकला.

"स्वयंपाकघरातली राहिली," मी म्हणालो. "ती खालून उचलून ढकलावी लागते. सांगतो जरा."

मी वळलो, तर बायकोने माझ्या पिशवीचा पट्टा धरला. आतून दोन धक्के ऐकू आले, मग लाकूड करकरलं, आणि चौथी खिडकी उघडली.

"उघडली," ती म्हणाली. "चला."